हिरव्यावर हिरवं

त्या घरात सकाळी कोणी कोणाला "काय करतेयस" असं विचारत नसे, "आज कुठला रंग" असं विचारत. खाली धाकटा मुलगा तांब्याच्या पत्र्यावर झाडं कोरायचा, शेजारच्या खोलीतल्या हाताने फिरवायच्या छापयंत्रातून ती काळ्या रेषांनी कागदावर उतरायची, आणि वरच्या लांबच लांब खोलीत घरातल्या बायका त्यांत रंग भरायच्या. झाडंही साधीसुधी नाहीत, समुद्रापलीकडची. कुणाला फुलाऐवजी सुरईच आलेली, कुणाची पानं माणूस गुंडाळता येईल एवढी. हौशी लोक वर्गणी भरून ती पुस्तकं हप्त्याहप्त्याने घ्यायचे. घरातल्यांनी त्यातली निम्मी झाडंही डोळ्यांनी पाहिली नव्हती, पण कुठल्या फुलाच्या घशात किती ठिपके, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

रंगवायची रीत ठरलेली. एका खुर्चीचे रंग दुसरीने करायचे नाहीत. कागद दाराशी टेबलावर चढायचा आणि सरकत सरकत खिडकीशी उतरायचा. दाराशी हिरवा, मग थोरल्या सुनेचा पिवळा, मग नणंदेचे लाल आणि निळा, आणि शेवटी खिडकीत सासूबाई. फुलाच्या आतली सावली, परागांचे ठिपके, पाकळीची कड हे शेवटचं नाजूक काम त्यांचं. म्हणजे पूर्वी होतं. गेल्या काही वर्षांत त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला होता, आणि आता खिडकी उघडी आहे की बंद हे त्यांना उन्हाच्या उबेवरून कळायचं. शेवटचा हात हल्ली नणंद फिरवायची, पण खुर्ची सासूबाईंचीच, आणि झालेला प्रत्येक कागद त्यांच्यापुढे जायचा. त्या त्यावरून बोटं फिरवायच्या. पत्र्यावरून छापलेल्या रेषा कागदावर किंचित उठून येतात, त्या बोटांना लागतात. पाणी जास्त झालं असेल तर कागद फुगतो, तेही लागतं. "इथे कोणी आंघोळ घातलीय?" असं त्या म्हणाल्या की घालणारीने मुकाट्याने मान खाली घालायची. खोलीतला सगळ्यात चांगला उजेड त्या खुर्चीवर फुकट जातोय हे सगळ्यांना दिसत होतं, पण ते बोलून दाखवायची कोणाची छाती नव्हती.

दाराशी बसायची ती धाकटी सून. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी तिला तिथे बसवलं, हातात ब्रश दिला आणि म्हणाल्या, "पानं कर. पानं काय, कोणीही करेल." तेव्हापासून ती पानं करत होती. पोरं शाळेत जायला लागली, तरी हिची पानं चालूच. दाराच्या फटीतून वारा यायचा. कागद उडू नयेत म्हणून तिने एक गुळगुळीत दगड आणून ठेवला होता, आणि थंडीत बोटं आखडली की ती चहाच्या कपाला धरून सरळ करायची. पण तिला कामाचा कंटाळा होता असं कोणी समजू नये. रंगाच्या वडीत तयार मिळतो तो हिरवा तिच्या मते दरवाजे रंगवायचा. खरा हिरवा आपण करायचा. थोरलीकडून पिवळा मागायचा, नणंदेकडून निळा, आणि रंग जरा शहाणा व्हावा म्हणून लालाचा एक थेंब. असे कितीतरी हिरवे तिने जमवले होते आणि प्रत्येकाला नाव दिलं होतं. उन्हातला, भिंतीआडचा, आजारी, कालचा, आणि एक 'नवरा रागावलाय तसला'.

एकच गोष्ट तिला सलायची, ती म्हणजे समोरची भिंत. नवं झाड आलं की आधी एक कागद पूर्ण रंगवायचा, तो नमुना. मग त्याच्याकडे बघून बाकीचे दोन-तीनशे. नमुना करायचा मान फुलाचा रंग जिच्या खुर्चीचा असेल तिचा. पिवळं फूल असलं की थोरलीचा, लाल असलं की नणंदेचा. काम संपलं की नमुना भिंतीवर लागायचा आणि त्याच्या कोपऱ्यात करणारीची खूण. सासूबाईंची चांदणी, नणंदेचा ठिपका, थोरलीची फुली. भिंत वरपासून खालपर्यंत भरली होती. ती आल्यापासूनच्या प्रत्येक नमुन्यातली पानं धाकटीची, आणि धाकटीची खूण एकावरही नाही. खूण मात्र तिने कधीच ठरवून ठेवली होती. दोन रेघांचं एक इवलंसं पान. वाया गेलेल्या कागदांच्या पाठीमागे ती ते काढून बघायची आणि कोणी आलं की दगड ठेवायची.

अशात एक दिवस पुस्तकवाले आले. हे झाडांचं पुस्तक तेच काढायचे, म्हणून घरात सगळे त्यांना पुस्तकवालेच म्हणत. भला माणूस, पण जिना चढला की आधी धापा टाकणार आणि मग घाई करणार.

"आता एवढं शेवटचं झाड," ते खुर्चीत बसत म्हणाले. "मग हे पुस्तक संपलं. पुढचं ठरलंय. शिंपले."

"शिंपले?" थोरली म्हणाली. "आणि पानं?"

"शिंपल्याला पानं कुठून येणार?"

सगळ्या हसल्या. धाकटीही हसली, पण मनात हिशेब करायला लागली. शिंपल्यांत आपलं काम काय, दगड धरून बसायचं? म्हणजे भिंतीवर जायचं तर हे शेवटचं झाड, यानंतर काही नाही.

आणि शेवटच्या झाडाचं घोडं नेमकं फुलापाशी अडलं होतं. झाड गावातल्या मोठ्या बागेच्या काचघरात होतं, कित्येक वर्षं वाढवलेलं. त्याची पानं धाकटीने तिथे जाऊन, बघून बघून केली होती. पण इथे ते कधी फुललंच नव्हतं. परमुलखातून त्याचं एक सुकवलेलं, दाबलेलं फूल तेवढं आलं होतं, चहाच्या डागासारखं तपकिरी. पुस्तकवाल्यांच्या चित्रकाराने ते पाण्यात भिजवून उलगडलं आणि पाच लांब पाकळ्या पसरलेलं चांदणीसारखं फूल काढलं. धाकटीच्या नवऱ्याने ते तसंच, मापात मापाचं कोरलं. आकार कळला, पण रंग सुकण्यात गेला होता. माळीकाका म्हणत होते की यंदा कळ्या धरल्यात, आज उद्या फुलेल. म्हणून सगळे कागद पानं भरून तयार होते आणि प्रत्येकात मधोमध एक पांढरं फूल वाट बघत बसलं होतं.

घरात पैजा लागल्या. हरेल त्याने महिनाभर सगळ्यांचे ब्रश धुवायचे. नणंद म्हणाली लाल. थोरली म्हणाली पिवळं. धाकटीचा नवरा खालून ओरडून म्हणाला, "पांढरं. म्हणजे काम झालंच आहे, सगळ्यांना सुट्टी." धाकटीला कोणी विचारलंच नाही, कारण फुलाच्या गोष्टीत हिरव्या खुर्चीला काय विचारायचं.

तिने मात्र मनाचा हिय्या करून सासूबाईंना विचारलं. "आई, हे फूल अजून कोणाचंच नाही. याचा नमुना मी करू का?"

सासूबाई उन्हाकडे तोंड करून बसल्या होत्या. "फूल कोणाचं ते झाड सांगेल," त्या म्हणाल्या. "ज्या खुर्चीचा रंग, तिचा नमुना. आजवर कोणासाठी मोडलं नाही, ते तुझ्यासाठी कसं मोडू?"

"लाल निघालं तर मी तुला एक पाकळी देईन," नणंद म्हणाली. ती मनाने वाईट नव्हती, पण खोड काढल्याशिवाय तिला दुपारची झोप लागत नसे.

पुस्तकवाल्यांनी उठता उठता सगळ्याचा निकाल लावून टाकला. "शनिवारी मी येतो. तोवर फुललं तर उत्तम. नाही फुललं तर लाल करून टाका. लाल खपतं." नणंदेने तिथल्या तिथे लाल वडी पाण्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी नणंद आणि थोरली आधीच्या एका झाडाचे उरलेले कागद उरकत होत्या. धाकटीचं काम संपलेलं. "तू रिकामीच आहेस," नणंद म्हणाली, "जा, बघून तरी ये काही रंग दिसतोय का." धाकटीने रंगांची पेटी घेतली, आपल्या हिरव्यांचे ठिपके लावलेल्या कागदाच्या पट्ट्या घेतल्या आणि निघाली. पट्ट्या कशाला घेतल्या ते तिलाही सांगता आलं नसतं. काचघरात जायचं आणि पट्ट्या न्यायच्या नाहीत हे तिला सुचलंच नाही.

काचघर उबदार होतं. काचांवर आतून पाणी साचलेलं. माळीकाका खराटा टेकवून झाडाकडे बघत उभे होते आणि त्यांचा चेहरा पडला होता.

"काका, काही रंग?"

"कसला रंग. कळ्या नुसत्या लोंबतायत, हिरव्या त्या हिरव्याच. त्यात आता कोवळी पानं गळायला लागलीयत. रोज सकाळी झाडून टाकतोय." त्यांनी आवाज खाली आणला. "वर बागेच्या साहेबांना बोलू नका. हे झाड गेलं तर मलाही इथेच, त्याच्या शेजारी पुरतील."

धाकटीने एक बादली पालथी घातली आणि झाडाखाली बसली. वर बघितलं. नवी पानं, जुनी पानं, लोंबणाऱ्या हिरव्या कळ्या. लाल नाही, पिवळं नाही. तिने सुस्कारा सोडला, खाली बघितलं, आणि तिची नजर माळीकाकांनी गोळा केलेल्या कचऱ्याच्या ढिगावर गेली. त्यात ती कोवळी पानं पडली होती, बोटाएवढी लांब, अरुंद, टोकाशी जरा वळलेली. तिने एक उचललं आणि काचेतून येणाऱ्या उन्हात धरलं.

हा हिरवा तिच्याकडे नव्हता. बुडाशी जवळजवळ पांढरा, मग हळूहळू हिरवा होत जाणारा, आणि तरी सगळीकडून आरपार उजेड येत होता. तिने पट्ट्या काढून एकेक लावून बघितली. उन्हातला नाही, कालचा नाही, एकही जुळेना. तिचा जीव खुळावला. इतकी वर्षं हिरवे जमवले आणि हा राहिला? आणि म्हणजे आपण केलेली शेंड्याची कोवळी पानं सगळ्या कागदांवर चुकली की. फुलाचं काय व्हायचं ते होवो, आपली पानं चुकीची जाता कामा नयेत. तिने तिथेच वाटी काढली, पिवळ्यात निळ्याचा थेंब टाकला, पुसला, परत टाकला, आणि बऱ्याच वेळाने त्या रंगाच्या जवळपास आली तेव्हा तिला भूक लागल्याचं कळलं. दोन-तीन पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ती जवळजवळ पळतच घरी आली.

"काय, रंग?" नणंदेने विचारलं.

"फुलाचा नाही. पण आपली कोवळी पानं चुकलीयत. सगळ्या कागदांवर शेंडे परत करायचे."

थोरलीने ब्रश खाली ठेवला. "सगळ्या?"

"सगळ्या. हा हिरवा बघा ना, जाऊबाई."

"अगं बाई, शनिवार तोंडावर आलाय आणि ही पानांना पावडर लावत बसलीय," नणंद म्हणाली. पण धाकटी कुठली ऐकतेय. तिने वरचा कागद ओढला, शेंड्याचं पान पुसून ओलं केलं आणि नवा हिरवा लावायलाही घेतला. नणंद आणि थोरली दोन्ही बाजूंनी बोलत होत्या, खालून नवरा "वर काय चाललंय" म्हणून विचारत होता, आणि तिच्या ब्रशचं टोक जराही हललं नाही.

"पुरे," खिडकीतून आवाज आला. "एवढं कसलं पान ते? आण इकडे."

धाकटीने फडकं उलगडून त्यातलं एक पान सासूबाईंच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते अंगठा आणि बोटात धरलं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग त्यांचं बोट बुडाशी थांबलं.

"तोडलंस?"

"नाही. गळलेलं होतं."

"मग देठ कुठेय? पान गळतं ते देठासकट गळतं." त्यांनी परत बोट फिरवलं. "आणि याच्या मधोमध कणा नाही. पानाला कणा असतो. इतकी वर्षं तू पानं केलीस आणि मी फुलं केली. माझ्या हाताला पान परकं लागतं, हे परकं लागत नाही. झाडाचा कागद दे मला."

धाकटीने कागद दिला. सासूबाईंनी मधल्या पांढऱ्या फुलावर बोट टेकवलं, छापलेली रेष चाचपत एका पाकळीच्या बुडापासून टोकापर्यंत गेल्या आणि हातातलं ते पान अलगद त्या पाकळीवर ठेवलं. बुडाला बूड, टोकाला टोक, आणि टोकाशी तेच जरासं वळण. धाकटीच्या नवऱ्याने मापात मापाचं कोरलेली पाकळी त्या पानाखाली पूर्ण झाकली गेली.

थोरलीच्या ब्रशवरून पिवळा थेंब टेबलावर पडला आणि तो कोणी पुसला नाही.

"हिरवं?" नणंद म्हणाली. "फूल हिरवं?" आणि मग ती अशी हसत सुटली की तिला पाठ टेकावी लागली. "आपण झाडाकडे लाल बघतोय, पिवळं बघतोय, आणि ते बिचारं फुलून दमलं."

धाकटी मात्र उभीच होती. "ताई, मी त्याच्याखाली बसले होते," ती म्हणाली. "बादलीवर. डोक्यावर फुलं लोंबत होती आणि मी म्हणतेय पानं. मी तर तो रंग नेऊन पानाला लावला." या घरात हिरवं म्हणजे पान, हे इतकं अंगात मुरलं होतं की हिरव्यातली सगळ्यात जाणती बाईच त्यात फसली होती.

"हिरव्या खुर्चीवर कोण बसतं?" सासूबाईंनी विचारलं.

"मी, आई."

"मग नमुना कोणाचा?"

धाकटीला इतका आनंद झाला की रडू आलं, आणि रडू आलं म्हणून हसू आलं, आणि दोन्ही लपवायला तिने पाणी आणायला जायचं निमित्त केलं. पाण्याचं भांडं भरलेलंच होतं, ते सगळ्यांना दिसत होतं.

त्या दुपारी सगळं घर काचघरात. नणंद, थोरली, नवरा ओळीने झाडाखाली उभे राहिले आणि माना वर करून बघत राहिले. आधी काहीच दिसेना. मग थोरली म्हणाली, "ते बघा." मग नणंदेला दुसरं दिसलं, मग नवऱ्याला तिसरं, आणि एकदा दिसायला लागल्यावर झाडभर फुलंच फुलं. माळीकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि मी रोज सकाळी झाडून टाकतोय," ते म्हणाले. झाड मरत नाहीये या आनंदात त्यांनी आपल्या डब्यातली बिस्किटं सगळ्यांना वाटली.

पण आनंद तिथेच संपतो तर गोष्ट कसली. धाकटीने नमुना केला. पाकळ्यांचा रंग असा जुळला की खरी पाकळी शेजारी ठेवली तर कुठली उचलावी कळेना. तिने कागद भिंतीला टेकवून उभा केला आणि नवऱ्याला लांब, दाराशी नेऊन उभं केलं.

"छान झालंय," तो म्हणाला. "फूल कुठेय?"

तो चेष्टा करत नव्हता. दारातून बघितलं तर नुसता पानांचा एक झुपका. हिरव्यावर हिरवं, फूल पानांत बुडून गेलं होतं. तेवढ्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या. पुस्तकवाल्यांना चैन पडली नव्हती, ते शुक्रवारीच उगवले. त्यांना सगळी हकीकत सांगितली, पाकळी दाखवली. ते खूश झाले, मग चित्र बघितलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"खरं असेल हो. पण वर्गणीदार पैसे मोजणार फुलासाठी, आणि चित्रात फूल सापडणार नाही. लाल करा. कोण समुद्र ओलांडून बघायला जाणार आहे?"

धाकटीने नमुना आपल्याकडे ओढून घेतला. ती सासूबाईंकडे बघायला लागली.

"तुम्ही शनिवार म्हणाला होतात," सासूबाई म्हणाल्या. "आज शुक्रवार आहे. उद्या या." त्या आवाजापुढे पुस्तकवाले टोपी घालून निघून गेले.

सगळ्यांनी सल्ले दिले. थोरली म्हणाली फुलात थोडा पिवळा वाढव, कोणाला कळणार. नणंद म्हणाली निदान कडेला लालसर रेघ मार, मी देते रंग. धाकटीने दोन्ही करून बघितलं, वेगवेगळ्या कागदांवर, आणि दोन्ही कागद बाजूला सारले. फूल दिसायला लागलं होतं, पण ते त्या झाडाचं राहिलं नव्हतं. ती हातावर हात ठेवून बसली. दारातून वारा आला, समोरचा नमुना फडफडला, तिने सवयीने त्यावर दगड ठेवला. दगड पडला तो फुलाच्या मागच्या पानांवर. आणि करड्या दगडाशेजारी पाकळीचं एक टोक एकदम उजळून वर आलं.

ती दगडाकडे बघत राहिली. मग दगड उचलला, पाकळी बुडाली. ठेवला, पाकळी वर आली. फुलाला काहीच झालेलं नव्हतं. फूल बरोबरच होतं, पानं जास्त उजळ झाली होती. आणि पानं काय, पानं तर तिच्या हातातली.

तिने 'भिंतीआडचा' घोटला. फुलाला ब्रश लावला नाही, फक्त त्याच्यामागच्या पानांवर, जिथे फुलाची सावली पडत असेल तिथे, दुसरा हात दिला. काठाशी गडद, लांब जाताना फिका. एक पाकळी पानांतून सुटली, मग दुसरी. शेवटच्या पाकळीमागचं पान झालं तेव्हा नणंद चहा घेऊन येत होती. ती दारातच थांबली.

"अगं," ती म्हणाली, "ते बघ की कसं पुढे आलंय." आणि चहाचा कप स्वतःच पिऊन टाकला.

शनिवारी पुस्तकवाले जिना चढून दारात आले, धाप लागलेली, एक हात चौकटीला. नमुना समोरच्या भिंतीशी उभा होता. त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग चालत जवळ गेले, परत लांब आले, परत जवळ गेले.

"लाल नाही केलंत," ते म्हणाले.

"नाही," धाकटी म्हणाली.

"बरं केलंत. राहू दे असंच. हे दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात असणार नाही." आणि लगेच, स्वभावाप्रमाणे, "बाकीचे कागद कधी?"

बाकीचे कागद म्हणजे मोठंच काम, आणि सगळं हिरवं. तेव्हा त्या टेबलावर कधी घडलं नव्हतं ते घडलं. सगळ्या खुर्च्यांत एकच रंग आला. धाकटी वाट्या भरून देत होती, थोरली पाकळ्या करत होती, नणंद मागची पानं गडद करत होती, आणि पहिल्याच कागदावर धाकटीने तिला म्हटलं, "ताई, पाणी कमी करा, कागद फुगतोय." मग नणंद म्हणाली, "बघा, एक फूल काय फुललं, हिला आवाज फुटला." पण पाणी तिने कमी केलं. पैज कोणीच जिंकलं नव्हतं, म्हणून ब्रश तिघांनी मिळून धुवायचे असं ठरलं, आणि नवऱ्याने ते इतके वाईट धुतले की दोन दिवसांत त्याला माफी मिळाली.

शेवटचा कागद सासूबाईंच्या बोटांखालून गेला आणि नमुना भिंतीवर लावायची वेळ आली. धाकटीने पेन्सिल घेतली. कोपऱ्यात दोन रेघांचं पान काढायला एवढासा वेळ लागतो, पण तिने तो अख्ख्या घरासमोर सावकाश लावला. नवऱ्याने खिळा ठोकला. सासूबाई उठून भिंतीपाशी आल्या, चाचपत कोपऱ्यापर्यंत पोचल्या आणि तिथल्या पेन्सिलीच्या खोल रेघांवर बोट फिरवलं.

"काय काढलंयस?"

"पान आहे, आई."

"हं," त्या म्हणाल्या. "पानं काय, कोणीही करेल असं मी म्हणायचे. ते मी चुकीचं म्हणायचे." एवढं बोलून त्या वळल्या, पण खिडकीकडे गेल्या नाहीत. टेबलाला धरून धरून दारापर्यंत आल्या आणि धाकटीच्या खुर्चीत बसल्या. "तू खिडकीत जा. शिंपल्यांना मोत्याची झाक असते, त्यात गुलाबीबरोबर हिरवाही असतो. मी केलेत शिंपले, तुम्ही जन्मला नव्हतात तेव्हा. ती झाक यांच्या कोणाच्या हाताला जमायची नाही. त्याला उजेड लागेल."

धाकटीला पुढे जाववेना. नणंदेने तिला मागून ढकललं. ती खिडकीतल्या खुर्चीत बसली आणि तिच्या हातांवर ऊन पडलं. इतका उजेड तिच्या कामावर आजवर कधी पडला नव्हता.

दाराशी सासूबाई हालचाल करत होत्या. त्यांनी टेबल चाचपलं, त्यांच्या हाताला तो गुळगुळीत दगड लागला. मग त्यांनी मान दाराच्या फटीकडे वळवली.

"इथे वारा लागतो की गं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही रागावला असतात," धाकटी म्हणाली.

"असते," सासूबाई म्हणाल्या, आणि फटीत कोंबायला फडकं मागितलं.